चष्मा सुटला, पेशींचा हिशेब कोण ठेवणार?

उणे दहा किंवा उणे बारा नंबरचा चष्मा वापरणाऱ्या माणसाचे सकाळचे पहिले काम म्हणजे उशाशी ठेवलेला चष्मा चाचपडणे. भिंतीवरचे घड्याळ, दारात उभा असलेला माणूस, येणाऱ्या बसचा क्रमांक यांपैकी काहीही त्याला चष्म्याविना ओळखता येत नाही. अशा माणसाच्या डोळ्यात शस्त्रक्रियेने एक पातळ भिंग बसवले जाते आणि दुसऱ्या दिवशी तो तपासणीच्या तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ वाचून दाखवतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही शस्त्रक्रिया आता नवलाईची राहिलेली नाही. लग्नाची बोलणी, नोकरीतील वैद्यकीय चाचणी, खेळाची आवड किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचा कंटाळा, कारण काहीही असो. विशी-तिशीतील तरुण-तरुणी तिच्याकडे वळतात आणि त्यांतील बहुतेक जण समाधानाने घरी जातात.

तथापि, या शस्त्रक्रियेचे यश दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. पंचविसाव्या वर्षी बसवलेले भिंग डोळ्यात आणखी तीस-चाळीस वर्षे राहणार असते. तेवढ्या काळात डोळ्याच्या काचेचे, म्हणजेच पारपटलाचे अर्थात कॉर्नियाचे, आरोग्य कसे राहते यावर तिचा खरा निकाल अवलंबून असतो. आणि हा निकाल ज्या थरावर लागतो, त्याचे नाव शस्त्रक्रियेपूर्वी बहुतेक रुग्णांच्या कानांवर पडलेले नसते.

न वाढणारी शिल्लक

पारपटल मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याच्या अगदी आतल्या बाजूला षट्कोनी पेशींचा एकच थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना असलेल्या या थराची जाडी जेमतेम पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. पण काम मात्र अखंड. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जे नेत्रजल असते, ते पारपटलात सतत झिरपत असते. त्यातूनच पारपटलाला पोषण मिळते, कारण या भागाला रक्तवाहिन्या नाहीत. मात्र हे पाणी तेथेच साचले तर पारपटल फुगेल आणि ओल्या कागदासारखे पांढुरके होईल. ते साचू नये म्हणून या पेशी क्षार बाहेर लोटून त्यांच्यामागोमाग पाणी ओढून घेतात. जहाजाच्या तळातले पाणी पंपाने उपसत राहावे, तसा हा प्रकार आहे. पंप चालू असेपर्यंत काच स्वच्छ राहते.

अडचण अशी की माणसाच्या शरीरात या पेशींची नव्याने उत्पत्ती जवळजवळ होत नाही. त्वचेवरची जखम भरून येते, हाड सांधले जाते. पण एंडोथेलियमची एखादी पेशी मेली की तिची जागा शेजारच्या पेशी पसरून भरून काढतात. पेशी मोठ्या होतात, त्यांचा षट्कोनी आकार बिघडतो आणि दर चौरस मिलिमीटरमागे त्यांची संख्या घटते. प्रौढ माणसात ही संख्या साधारण अडीच ते तीन हजार असते. वयानुसार तीत दरवर्षी सुमारे ०.६ टक्के घट होते. ती पाचशे ते आठशेच्या आसपास उतरली की पंप अपुरा पडू लागतो. याचा पहिला संकेत म्हणजे सकाळी उठल्यावर धूसर दिसणे आणि दिवस चढेल तसे ते निवळणे. रात्रभर मिटलेल्या डोळ्यातील पाण्याचे बाष्पीभवन होत नाही, म्हणून सूज सकाळी अधिक असते. पुढे मात्र धूसरपणा दिवसभर टिकतो, पृष्ठभागावर बारीक फोड येतात आणि ते फुटले की वेदना होतात.

म्हणजे निरोगी माणसाकडे आवश्यकतेपेक्षा तिप्पट-चौपट पेशी असतात आणि नैसर्गिक झीज धरूनही त्या शंभर वर्षे पुरतात. डोळ्यात भिंग बसवण्याचा प्रश्न येतो तेव्हा विचारायचे असते ते हे, की या शिलकेतून दरवर्षी किती खर्च होणार?

लेसर का नको?

चष्मा घालवायचा तर लेसर आहेच, मग डोळ्याच्या आत जायचेच कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. लेसिक शस्त्रक्रियेत पारपटलाचाच काही भाग लेसरने झिजवून त्याचा बाक बदलला जातो. एका नंबरासाठी साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडी खर्ची पडते. उणे बारा नंबरासाठी हा आकडा दीडशे ते एकशे ऐंशी मायक्रॉनपर्यंत जातो. शिवाय वर उचलल्या जाणाऱ्या पापुद्र्याचे शंभर-एकशे दहा मायक्रॉन वेगळे. पाचशे चाळीस मायक्रॉनच्या पारपटलात हे बसवायचे म्हटले तर खाली उरणारा भाग अडीचशेच्या घरात येतो, आणि त्याहून पातळ पारपटल डोळ्यातील दाबाने पुढे फुगण्याचा धोका असतो. म्हणून ज्यांचा नंबर मोठा, पारपटल मुळात पातळ किंवा त्याचा आकार संशयास्पद, त्यांना भिंगरोपणाचा पर्याय सुचवला जातो. येथे डोळ्यातील नैसर्गिक भिंग काढले जात नाही. त्याच्या जोडीला दुसरे ठेवले जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेशी म्हणूनच याची गल्लत करू नये. तेथे रुग्ण बहुधा साठी ओलांडलेला असतो आणि गढूळ भिंग काढणे भागच असते. येथे पंचविशीतला निरोगी डोळा उघडला जातो. लेसर वरच्या थरांवर काम करतो, आतल्या पेशींना धक्का लागत नाही. भिंगरोपणात नेमके उलटे आहे: पारपटलाची जाडी शाबूत राहते, पण नवे भिंग एंडोथेलियमच्या शेजारी येऊन बसते.

शेजार किती जवळचा, यावरच या विषयाचा सारा इतिहास घडला आहे.

फसलेली पहिली फळी

लंडनमधील हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत इटलीतील बेनेदेत्तो स्ट्राम्पेली यांनी तीव्र लघुदृष्टी असलेल्या डोळ्यात, नैसर्गिक भिंग तसेच ठेवून, पुढच्या कप्प्यात भिंग बसवण्याचा प्रयोग केला. बार्सिलोनाचे होआकिन बाराकेर यांनी हाच मार्ग धरला आणि १९५९ मध्ये आपला पाच वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. सुरुवातीला दृष्टी उत्तम होती. नंतर एकेका डोळ्यातील पारपटल सुजू लागले. त्यांनी बसवलेल्या दोनशेहून अधिक भिंगांपैकी निम्म्याहून अधिक भिंगे पुढे काढावी लागली. ही कल्पना मग दोन-अडीच दशके अडगळीत पडली.

त्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे; पण एंडोथेलियमच्या पेशी जिवंत माणसाच्या डोळ्यात मोजण्याचे साधनच तेव्हा नव्हते. पारपटल सुजले की मगच कळायचे, आणि तेव्हा फार उशीर झालेला असायचा. परावर्तित प्रकाशाने या पेशींचे चित्र घेणारे स्पेक्युलर सूक्ष्मदर्शक डेव्हिड मॉरिस यांनी १९६८ मध्ये मांडले आणि सत्तरीच्या दशकात ते रुग्णतपासणीत आले. आज नेत्ररुग्णालयात हनुवटी टेकवून क्षणभर हिरव्या ठिपक्याकडे पाहायला लावतात, तीच ही तपासणी. डोळ्याला स्पर्श होत नाही, दुखत नाही, काही मिनिटांत संपते. या विषयात पुढे जे काही शहाणपण आले, त्याचे मोठे श्रेय या यंत्राला जाते.

ऐंशीच्या दशकात तीन वाटांनी पुन्हा प्रयत्न झाले. फ्रान्समधील जॉर्ज बायकॉफ यांनी पुढच्या कप्प्याच्या कोपऱ्यांत टेकणारे भिंग आणले. नेदरलँड्सचे यान वर्स्ट यांनी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, म्हणजे आयरिसला, खेकड्याच्या नांगीसारखे चिमटे घेऊन लटकणारे भिंग तयार केले होते. जर्मनीचे पॉल फेश्नर यांच्यासह त्यांनी ते १९८६ पासून लघुदृष्टीसाठी वापरले. या नांगीच्या भिंगाचे भारताशी जुने नाते आहे. अमृतसरचे डॉ. दलजित सिंग यांनी मोतीबिंदूच्या रुग्णांमध्ये ते मोठ्या प्रमाणावर वापरले आणि जगभरच्या नेत्रतज्ज्ञांमध्ये ते सिंग-वर्स्ट भिंग म्हणूनही ओळखले जाऊ लागले. तिसरी वाट मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव्ह फ्योदोरोव्ह यांची. त्यांनी भिंग आयरिसच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे ठेवले. आज आयसीएल या नावाने जे भिंग सर्वाधिक प्रचलित आहे, ते याच वाटेने आलेले. त्याचे पहिले रोपण १९९३ मध्ये झाले. गुजरातमध्ये तयार होणारे आयपीसीएल हे भिंगही याच जातीचे.

कोपऱ्यांत टेकणाऱ्या भिंगांची कथा मात्र दुःखद आहे. त्यांच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या; दर वेळी आता दोष दूर झाला असे वाटले आणि दर वेळी काही वर्षांनी पेशींची गणना घसरलेली आढळली. २००८ मध्ये युरोपात मान्यता मिळालेले कॅशे हे मऊ भिंग या जातीतील सर्वांत सुधारलेले मानले जात होते. तेही पेशींच्या हानीच्या कारणावरून काही वर्षांतच बाजारातून गेले.

येथे एक समांतर उदाहरण देणे वावगे ठरणार नाही. सायपास हे काचबिंदूच्या उपचारासाठीचे बारीक नळीसारखे साधन २०१६ मध्ये अमेरिकेत दोन वर्षांच्या निष्कर्षांवर मान्य झाले. पाच वर्षांचे निष्कर्ष हाती आले तेव्हा एंडोथेलियमच्या पेशी अपेक्षेपेक्षा बऱ्याच अधिक गमावल्याचे दिसले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. दोन वर्षांत जे दिसले नाही ते पाच वर्षांत दिसले. पुढच्या कप्प्यात काहीही ठेवताना हा अंतराचा हिशेब विसरून चालत नाही. जाहिरातीत लिहिलेले 'हजारो यशस्वी शस्त्रक्रिया' हे शब्द वाचताना त्या शस्त्रक्रियांना किती वर्षे झाली, हे विचारले पाहिजे.

आकडे काय सांगतात

आयरिसला धरून राहणारे भिंग अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २००४ मध्ये मान्य केले. तीन वर्षांच्या पाहणीत पेशींची घट दरवर्षी सुमारे १.८ टक्के, म्हणजे नैसर्गिक झिजेच्या तिप्पट, आढळली होती आणि ती थांबण्याची चिन्हे नव्हती. ही बाब लपवली गेली नाही. भिंगासोबतच्या माहितीपत्रकातच ती छापलेली आहे. त्यानंतर नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील डॉक्टरांनी दहा वर्षे पाठपुरावा करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत साध्या भिंगांच्या गटात १६.६ टक्के, तर तिरकस नंबरही घालवणाऱ्या भिंगांच्या गटात २१.५ टक्के पेशी कमी झाल्या. पेशींच्या घटीमुळे भिंग काढावे लागले असे डोळे शंभरात पाच-सहा निघाले. ज्यांच्या डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ होता आणि भिंगाची कड एंडोथेलियमच्या जवळ होती, त्यांची हानी अधिक.

हे आकडे आयुष्यभराच्या मापाने वाचावे लागतात. पंचविसाव्या वर्षी कुणाकडे २,७०० पेशी आहेत असे धरू. दरवर्षी ०.६ टक्के घट झाली तर सत्तराव्या वर्षी सुमारे २,०६० शिल्लक राहतील. १.८ टक्के घट झाली तर साधारण १,१९०. आणि एखाद्या डोळ्यात ती ३ टक्के झाली तर ६८५च्या आसपास, म्हणजे थेट धोक्याच्या पातळीवर. यात मोतीबिंदूची पुढची शस्त्रक्रिया धरलेली नाही. ती स्वतःच आणखी काही टक्के घेऊन जाते. वर्षाला एक-दोन टक्क्यांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. चक्रवाढ व्याजाने कर्ज घेतलेल्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही.

याच गणितावर अमेरिकेतील माहितीपत्रकात वयानुसार किमान पेशीसंख्येचा तक्ता दिलेला आहे. वयाच्या पंचाहत्तरीत किमान एक हजार पेशी उराव्यात, हा त्यामागचा हेतू. आयरिसच्या भिंगासाठी २१ ते २५ वयोगटात ३,५५० पेशी, २६ ते ३० या वयात ३,१७५, तर पंचेचाळिशीनंतर २,००० पेशी असाव्यात, असे तो सांगतो. जितके वय लहान, तितकी शिल्लक मोठी हवी. आता आपल्याकडचे चित्र पाहा. चेन्नईतील डॉक्टरांनी २००० मध्ये निरोगी भारतीय डोळ्यांतील एंडोथेलियमचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्व वयोगट मिळून सरासरी २,५२५ पेशी आढळल्या; जपानी आणि अमेरिकी डोळ्यांपेक्षा ही संख्या कमी होती. तरुणांची संख्या या सरासरीहून काहीशी अधिक असते, हे खरे. तरीही तक्ता काटेकोरपणे लावला तर आपल्याकडचे कितीतरी पंचविशीतले डोळे त्यात बसणार नाहीत. प्रत्यक्षात अनेक शल्यचिकित्सक २,००० ते २,५०० ही मर्यादा पुरेशी मानतात. नव्या भिंगांमध्ये घट कमी आहे हे त्याचे समर्थन असते आणि ते अगदीच निराधार नाही. पण मर्यादा सैल केली, तर पुढच्या देखरेखीची दोरी तेवढीच घट्ट हवी. तसे होते का, याविषयी साशंक राहायला जागा आहे.

आयरिसच्या मागे बसणारी भिंगे या बाबतीत अधिक सुरक्षित ठरली आहेत. एंडोथेलियम आणि भिंग यांच्यामध्ये आयरिसचा पडदा येतो आणि अंतर वाढते. शस्त्रक्रियेच्या वेळच्या हाताळणीने सुरुवातीला काही टक्के पेशी जातात आणि नंतर वेग मंदावतो, असे बहुतेक दीर्घ पाहण्यांत दिसते. मात्र येथे शेजारी बदलतो. हे भिंग एंडोथेलियमपासून दूर गेले तरी नैसर्गिक भिंगाच्या जवळ आलेले असते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या धाटणीची भिंगे बसवलेल्या डोळ्यांपैकी सुमारे १८ टक्के डोळ्यांवर दहा वर्षांच्या आत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली होती. त्यानंतर भिंगाच्या मध्यभागी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे छिद्र ठेवण्याची क्लृप्ती निघाली. जपानच्या किमिया शिमिझू यांच्या या कल्पनेमुळे नेत्रजल मूळच्या मार्गाने वाहू लागले, आयरिसमध्ये वेगळी भोके पाडण्याची गरज उरली नाही आणि मोतीबिंदूचे प्रमाण बरेच घटले. युरोपात ही भिंगे २०११ पासून, तर अमेरिकेत मार्च २०२२ पासून मान्य आहेत. त्यांचे चांगले निष्कर्ष आज उपलब्ध आहेत. पण चाळीस वर्षांचे निष्कर्ष कोणाकडेच असू शकत नाहीत, कारण तेवढी वर्षे झालेलीच नाहीत.

जागा किती आहे?

भिंगाची जात निवडण्याइतकेच डोळ्याचे मोजमाप महत्त्वाचे. पारपटलाच्या आतल्या पृष्ठभागापासून नैसर्गिक भिंगापर्यंतच्या अंतराला पुढच्या कप्प्याची खोली म्हणतात. आयसीएलसाठी ती किमान ३ मिलिमीटर आणि आयरिसच्या भिंगासाठी ३.२ मिलिमीटर असावी, असा अमेरिकेतील निकष आहे. लघुदृष्टीचे डोळे लांबट असल्याने त्यांत ही खोली सहसा मिळते. ज्यांच्यात ती मिळत नाही, त्यांना नकार देणे हेच वैद्यकीय कर्तव्य ठरते. पैसे भरायला तयार असलेल्या रुग्णाला परत पाठवणारा डॉक्टर विश्वासाचा समजावा.

शिवाय ही खोली कायम राहत नाही. नैसर्गिक भिंग आयुष्यभर जाड होत जाते. दरवर्षी साधारण १५ ते २० मायक्रॉनने. तीस वर्षांत हा फरक अर्ध्या मिलिमीटरवर जातो. आयरिस पुढे सरकते आणि तिला धरून असलेले भिंगही एंडोथेलियमकडे सरकते. विशीत जे अंतर निर्धास्त वाटत होते, ते पन्नाशीत तसे राहत नाही. मागच्या कप्प्यातील भिंगांमध्ये दोन भिंगांमधली फट पाहतात. ती साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर असावी. भिंग डोळ्याच्या मापापेक्षा लहान निघाले तर फट कमी होऊन मोतीबिंदूची भीती, मोठे निघाले तर ते आयरिसला पुढे ढकलून कोन अरुंद करते आणि डोळ्यातील दाब वाढू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या मोजमापात घाई नको, आणि नंतरही ओसीटी यंत्राने ही फट अधूनमधून पाहिली जावी.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या हातात नाही, ती म्हणजे डोळे चोळण्याची सवय. धूळ, बांधकामे, फुलोऱ्यातले परागकण यांनी शहरातल्या अनेकांचे डोळे खाजत असतात. जोराने चोळताना पारपटल आत दबते आणि पुढच्या कप्प्यातील भिंगाशी त्याचा क्षणिक स्पर्श होऊ शकतो. असे स्पर्श वर्षानुवर्षे होत राहिले तर पेशींवर त्याचा परिणाम होतो. ॲलर्जी असलेल्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच तिचा बंदोबस्त करावा, असे सांगितले जाते ते यासाठी.

'काढता येते' याचा अर्थ

या शस्त्रक्रियेच्या बाजूने हमखास मांडला जाणारा मुद्दा असा, की ती उलटवता येते. नको वाटले तर भिंग काढून टाकता येते. लेसरने झिजवलेले पारपटल परत आणता येत नाही, त्या तुलनेत हा मोठा गुण आहे, यात शंका नाही. पण भिंग काढले म्हणजे गेलेल्या पेशी परत येत नाहीत. उलट काढण्याच्या शस्त्रक्रियेतही आणखी थोड्या जातात. म्हणजे हा गुण तेव्हाच कामाला येतो, जेव्हा भिंग वेळेत काढले जाते. संख्या दीड हजारांवर आली किंवा दोन तपासण्यांमधला उतार नेहमीपेक्षा तीव्र दिसला की काढण्याचा विचार करावा लागतो. आणि हे कळण्यासाठी पेशी मोजलेल्या असाव्या लागतात.

येथेच खरी मेख आहे. पेशी कमी होत असताना रुग्णाला काहीही जाणवत नाही. तीन हजारांच्या दीड हजार झाल्या तरी तक्त्यावरची खालची ओळ तितकीच स्पष्ट दिसते. ज्याला उत्तम दिसते तो कामावरून रजा काढून, वाहतुकीतून वाट काढत तपासणीला कशाला जाईल? पहिल्या वर्षी ठरलेल्या भेटी होतात. दुसऱ्या वर्षी एखादी चुकते. मग नोकरी बदलते, शहर बदलते, परदेशात जाणे होते, जुनी फाइल माहेरच्या कपाटात राहते. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने मोबाइलवर एखादा संदेश पाठवला तर पाठवला. डोळ्यातील भिंगांवर आपल्याकडे २००५ पासून औषध कायद्याखाली नियंत्रण आहे आणि वैद्यकीय साधनांपासून होणाऱ्या अपायांच्या नोंदींसाठी २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमही चालू आहे. पण अपाय घडल्यावर कळवणे आणि अपाय घडू नये म्हणून दरवर्षी मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी रुग्णाच्याच गळ्यात पडते.

तपासणीचा आकडा वाचतानाही काही पथ्ये आहेत. एकाच डोळ्याची एकाच दिवशी दोनदा तपासणी केली तरी आकड्यात काही टक्क्यांचा फरक पडतो, कारण यंत्र काही डझन पेशी मोजून त्यावरून अंदाज बांधते आणि चित्र दर वेळी अगदी त्याच जागेचे येत नाही. २,६५० वरून २,५४० झाले म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. तीन-चार वर्षांची रेषा पाहायची. यंत्र शक्यतो एकच असावे. संख्येच्या जोडीला षट्कोनी पेशींचे प्रमाण आणि पेशींच्या आकारातील विषमता हे दोन आकडेही अहवालात छापलेले असतात. कित्येकदा संख्या घटण्याआधी तेच बिघडतात. वर्षानुवर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरलेल्यांच्या पेशींचा आकार शस्त्रक्रियेपूर्वीच विषम असू शकतो. म्हणून पहिला, शस्त्रक्रियेपूर्वीचा अहवाल सर्वांत मोलाचा. तो नसेल तर पुढच्या कोणत्याही आकड्याची तुलना कशाशी करणार?

पेशी खरोखरच अपुऱ्या पडल्या तर उपाय नाही असे नाही. पूर्वी मृत व्यक्तीचे संपूर्ण पारपटल शिवावे लागे. आता केवळ आतला थर बदलता येतो. नेदरलँड्सच्या खेरिट मेलेस यांनी विकसित केलेल्या डीमेक या पद्धतीत पंधरा-वीस मायक्रॉनचा पातळ पापुद्रा डोळ्यात सोडून हवेच्या बुडबुड्याने जागेवर चिकटवतात आणि दृष्टी लवकर सुधारते. त्यासाठी नेत्रदान मात्र हवेच, आणि आपल्याकडे दात्यांची संख्या गरजेच्या मानाने तोकडी आहे. शिवाय रोपण केलेल्या थरातील पेशीही कालांतराने झिजतात. चाळिशीत रोपण करावे लागले तर ते आयुष्यभर पुरेलच असे नाही. जपानमधील क्योतो येथे शिगेरू किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या सुईने डोळ्यात सोडण्याचा मार्ग शोधला. अकरा रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये जपानने या उपचाराला मान्यता दिली. आज पंचविशीत भिंग बसवणाऱ्यांच्या उतारवयात हा उपचार सरसकट उपलब्ध असेलही. पण त्या भरवशावर आजची तपासणी टाळणे शहाणपणाचे नाही.

मोतीबिंदू तर प्रत्येकाला कधी ना कधी होणारच, आणि तीव्र लघुदृष्टी असलेल्यांना तो काहीसा लवकर होतो. त्या वेळी आधी बसवलेले भिंग काढायचे आणि मग नैसर्गिक भिंगाची शस्त्रक्रिया करायची, असा दुहेरी कार्यक्रम एकाच बैठकीत करावा लागतो. ती करणारा डॉक्टर बहुधा वेगळा असेल, शहरही वेगळे असेल आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे रुग्णालय त्या पत्त्यावर असेलच असे नाही. त्याला हवे असतील ते पाच-सहा कागद: शस्त्रक्रियेपूर्वीची पेशीसंख्या, पुढच्या कप्प्याची खोली, डोळ्याची लांबी, मूळ नंबर, दरवर्षीचे अहवाल आणि भिंगाच्या डबीवरची ती चिकटपट्टी, जिच्यावर भिंगाचे नाव, माप आणि अनुक्रमांक छापलेला असतो. ती पट्टी रुग्णाच्या कार्डावर चिकटवून द्यायची असते. न दिल्यास मागून घ्यावी.